विहीणबाईंची पराभवांची वही

अख्ख्या पुण्यात बास्केटबॉलचा सामना हरल्यावर नेमकं काय करायचं हे फक्त एका बाईंना कळतं, आणि त्या माझ्या विहीणबाई आहेत. बाकीचे लोक हरले की गप्प बसतात, नाहीतर पंचाला नावं ठेवतात. विहीणबाई नोंद करतात. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी, आणि गॅलरीच्या बरोबर खाली एका लहानशा कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान. कॉलेज इतकं लहान की रिक्षावाल्याला त्याचं नाव सांगून उपयोग नाही, शेजारच्या वडापावच्या गाडीची खूण सांगावी लागते. त्या कॉलेजच्या मुलींचा संघ गेल्या नऊ वर्षांत जितके सामने हरला ते सगळे विहीणबाईंच्या वहीत आहेत. नोकरीत असताना त्या जन्म-मृत्यूच्या नोंदी करायच्या, त्यामुळे वहीही तशीच आखलेली. तारीख, वेळ, ठिकाण आणि शेवटी एक मोठा रकाना, 'पराभवाचं कारण'. त्यात कधी 'नैसर्गिक' असं लिहिलेलं असतं, म्हणजे समोरच्या मुली खरोखरच चांगल्या होत्या. कधी 'अपघाती', म्हणजे आपली कुणीतरी घसरली. कधी 'हेळसांड', तो संघाच्या सरांवर आणि मुलींवर ठपका. एका ठिकाणी 'कारण अज्ञात, चौकशी चालू' असं आहे आणि ती चौकशी चार वर्षं चालूच आहे. जिंकलेल्या सामन्यांची नोंद कुठे असते, असं मी एकदा भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "जिवंत माणसाला कुणी दाखला देतं का?" पेन्शनसाठी तसाही दाखला लागतो हे मला माहीत होतं, पण मी बोलले नाही.

मी मुळातच बोलत नाही. मार्केट यार्डात वीस वर्षं कांदा निवडला, पोती मोजली, चारी बाजूंनी आरडाओरडा असायचा, पण त्यात माझा आवाज कधी कुणी ऐकला नाही. माझ्या तोंडातून शब्द बाहेर येईपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन जेवायला बसलेला असतो. माझी लेक या घरात दिली तेव्हा लग्नात विहीणबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मानपानाबद्दल काही तक्रार?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग तसं लेखी द्या," त्या म्हणाल्या. मला वाटलं, शहरात पद्धतच असेल. मी चौथीत शिकलेलं अक्षर आठवून आठवून दोन ओळी लिहिल्या की माझी काही तक्रार नाही, आणि मांडवातच त्यांच्या हातात दिल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांची नथ सुटली. पण कागद त्यांनी टाकला नाही. त्याला भोक पाडून फाइलीत लावला.

त्यांचं आणि बास्केटबॉलचं नातंही तक्रारीतूनच जुळलं. त्या निवृत्त झाल्या, त्याच वर्षी आमचे व्याही गेले. घरात एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत रोज पाच वाजता खालून धप, धप, धप. विहीणबाईंनी महिनाभर सोसलं. मग भाजी वर घ्यायची दोरीची परडी असते ना, तीत एक चिठ्ठी घालून खाली सोडली. 'चेंडूचा आवाज कमी करावा. कळावे.' सरांनी चिठ्ठी वाचली, तिच्याच मागे लिहिलं, 'चेंडू आपटल्याशिवाय हा खेळ होत नाही. कृपया येऊन खात्री करावी,' आणि परत परडीत ठेवली. विहीणबाई खात्री करायला गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवसापासून उठलेल्या नाहीत. नंतर नंतर तर मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की त्या संध्याकाळभर घरात फेऱ्या मारायच्या, पंखा जास्त आवाज करतोय म्हणायच्या, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. चेंडू आपटल्याशिवाय त्यांचे पाच वाजत नव्हते.

मात्र गॅलरीतून त्यांनी कधी हाक मारली नाही. "तोंडी काही चालत नाही, विहीणबाई. तोंडी बोललेलं माणूस उद्या नाकबूल करतो," हे त्यांचं वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. जे काही सांगायचं ते परडीतून. 'सात नंबरने बूट बदलावेत. घसरते.' 'काल हरलात. कारण कळवावे, रकाना रिकामा आहे.' 'पाणी पिताना हसू नये, ठसका लागतो. नऊ नंबरला सांगावे.' एकदा एका मुलीने चेंडू इतका उंच मारला की तो गॅलरीत येऊन तुळशीवर आदळला. सगळ्या मुली खाली माना वर करून उभ्या. चेंडू धुऊन, पुसून, परडीत बसत नव्हता म्हणून पिशवीत घालून खाली आला, त्याच्यासोबत चिठ्ठी. 'आपली वस्तू परत. तुळस बरी आहे. नेम सुधारावा.' ती चिठ्ठी सरांनी म्हणे खोलीत भिंतीला चिकटवली आहे.

मी या सगळ्यात आले ती औषधाच्या थेंबांमुळे. विहीणबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. माझी लेक आणि जावई दोघंही खराडीला ऑफिसात, दुपारी थेंब कोण घालणार? लेक म्हणाली, "आई, तू जाशील का गं?" मी बस धरून जायला लागले. विहीणबाई काळा चष्मा लावून गॅलरीत बसलेल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याला अजून नव्या नंबरचा चष्मा मिळायचा होता. खालचं मैदान त्यांना दिसायचं ते धुक्यात दिसावं तसं. सरावाचा सामना ऐन रंगात आणि बाईंना चेंडू दिसेना! पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "बोला."

"काय बोलू?"

"चेंडू कुणाकडे आहे?"

मी बराच वेळ बघितलं. "त्या... उंच मुलीकडे."

"अहो, उंच सगळ्याच आहेत! नंबर सांगा, नंबर!"

मी नंबर शोधेपर्यंत चेंडू दुसरीकडे गेलेला. तिचा नंबर शोधेपर्यंत तिसरीकडे. पहिल्या दिवशी मी अख्ख्या सामन्यात चार वेळा तोंड उघडलं आणि त्यातल्या दोन वेळा "अगं बाई" म्हटलं. पण विहीणबाई सोडणाऱ्यातल्या नाहीत. आठवड्याभरात मी "चार नंबर, आता सात नंबर, परत चार, टाकली, गेली!" असं बोलायला लागले. आपला आवाज आपल्याच कानाला परका वाटायचा. घरी गेले तरी मनात चालूच असायचं, बसमधला कंडक्टर पुढे गेला, मागे वळला, तिकीट फाडलं. गुण मोजायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण गुणांचा फळा कॉलेजच्या भिंतीला आणि त्याच्यापुढे नेमकं कडुनिंबाचं झाड. लांबून टाकली की तीन, आतून टाकली की दोन, शिट्टी वाजल्यावर एकटीनं उभं राहून टाकली की एक. पोती मोजायचे तशाच रेघा, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. सामन्यातली पहिली बास्केट पडली की मी डोळे मिटून हात जोडायची, मग पेन्सिल उचलायची. विहीणबाई ओरडायच्या, "गप्प का झालात? झोपलात का?"

आता खरी गोष्ट सांगते. जावयांनी खराडीला अकराव्या मजल्यावर घर घेतलं होतं. लिफ्ट आहे, विहीणबाईंच्या गुडघ्यांना जिना चढायला नको, डोळ्याचं दुसरं ऑपरेशनही व्हायचंय, तेव्हा आई आपल्याजवळ हवी. त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. विहीणबाईंनाही ते पटलं होतं. पण अट एकच, आणि ती अर्थातच लेखी. 'आमच्या मुलींचा या मोसमातला शेवटचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी टेम्पो आणावा. त्याआधी आणू नये.' जावयांनी हसत हसत खाली सही केली. त्यांना वाटलं, दहा-पंधरा दिवसांचा प्रश्न. साखळीचे सामने तेवढ्यात संपणार होते. पण साखळीत वरच्या चार संघांत आलं की पुढे बाद फेरी असते आणि ती तीन आठवड्यांनी असते, हे त्यांना सहीच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

आणि आमच्या पोरी सुटल्याच! पहिले चार सामने ओळीने जिंकल्या. विहीणबाईंची वही उघडायचीच वेळ आली नाही. जावई ऑफिसातून फोन करायचे, आईला थेंब घातले का, जेवली का, सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणायचे, "आणि... निकाल?" जिंकल्या म्हटलं की तिकडून आधी एक खोकला. मग, "वा, छान." सख्खा मुलगा, पण आईच्या संघाच्या हरण्याची वाट बघत बसलेला. माझ्या लेकीची तर पंचाईत. सासूसमोर टाळ्या वाजवायची आणि नवऱ्यासमोर सुस्कारे टाकायची.

मग काय झालं देव जाणे, मोसम संपत आला आणि पोरी हरायला लागल्या. पाचवा सामना बाहेरच्या मैदानावर होता, तो गेला. विहीणबाईंनी कारण लिहिलं, 'परगावची हवा'. सामना कोथरूडला होता. सहावा इथेच, गॅलरीखाली. समोरच्या मुलींनी सुरुवातीलाच बास्केट टाकली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिल्या. माझ्या रेघांप्रमाणे आपण सातने हरलो. सरांनी परडीतून निकाल पाठवला, नऊने. विहीणबाई भडकल्या. "माझ्या विहीणबाईंनी मार्केट यार्डात हजारो पोती मोजली, त्या चुकतील? सरांनाच मोजता येत नाही!" शेवटी सरकारी कागद तो सरकारी कागद म्हणून वहीत नऊच लिहिलं, पण बाजूला लाल पेन्सिलीने टाकलं, 'विहीणबाईंच्या मते सात'. माझ्यावर इतका विश्वास माझ्या सख्ख्या माणसांनीही कधी ठेवला नव्हता. मी घरी येऊन त्या रेघांचा कागद देवापुढे ठेवला.

राहिला सातवा सामना, साखळीतला शेवटचा. जिंकलो तर बाद फेरीत. हरलो तर मोसम संपला, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो. जावयांनी टेम्पोवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. त्या दुपारी मी पोचले तर विहीणबाई इस्त्रीचं पातळ नेसून गॅलरीत बसलेल्या, हातात कागद, कान खालच्या आवाजाकडे. "आज हळू बोलू नका," एवढंच म्हणाल्या.

शिट्टी वाजली, चेंडू वर गेला, आणि पहिल्याच मिनिटाला आमच्या चार नंबरने, ती कप्तान, दोघींच्या मधून वाट काढत बास्केट टाकली! मी नेहमीसारखे डोळे मिटले, हात जोडले आणि मग पेन्सिल उचलली. पण समोरच्या मुली भारी होत्या. इकडून एक पडली की तिकडून दोन पडायच्या. मध्यंतरापर्यंत आपण मागे. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन वाजला. त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीची नात नदीपलीकडच्या कॉलेजातून खेळते, त्यांचा सामना दुपारी झाला होता आणि त्या हरल्या होत्या. विहीणबाईंनी तिथल्या तिथे कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. आपण, नदीपलीकडचे आणि हे आजचे समोरचे, तिघांचे जिंकलेले सामने सारखे झाले, तर कोण किती फरकाने जिंकलं आणि हरलं ते बघतात." मी आकडे लिहिले, त्या तोंडानेच वजाबाक्या करत गेल्या, आणि एकदम उभ्या राहिल्या. "विहीणबाई! आज हरलो तरी चालेल! पाचच्या आत हरलो की झालं. पाचने हरलो तरी आत, सहाने हरलो की बाहेर!"

हे खाली कुणाला माहीतच नव्हतं. सर आपले हातवारे करत होते, त्यांच्या मते जिंकणं किंवा मरणं. विहीणबाईंनी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, 'हरा, पण पाचच्या आत', परडीत टाकली आणि दोरी सोडली. आणि परडी पहिल्या मजल्यावर अडकली! खालच्या बिऱ्हाडाने कपडे वाळवायची तार नवीन लावली होती, आणि ती मंडळी कुलूप लावून गावाला गेलेली. विहीणबाई दोरीला हिसके देतायत, परडी तारेला लोंबकळतेय, खाली सामना चालू. मी एकीकडे रेघा मारतेय, दुसरीकडे "सात नंबर, चार नंबर, गेली, हुकली" ओरडतेय. "किती मागे?" "बारा." हिसका. "आता?" "दहा." हिसका. परडीतली चिठ्ठी वाऱ्याने उडून कडुनिंबात जाऊन बसली. "आता?" "आठ, विहीणबाई, आठ!"

शेवटचं अर्धं मिनिट असेल. चेंडू चार नंबरच्या हातात आला. आणि ती पोरगी थांबली. मैदानाच्या मध्यावर चेंडू नुसता आपटत उभी राहिली, मान खाली. हरलोच आहोत, आता वेळ जाऊ दे, असं तिचं तोंड. मला अजून सांगता येत नाही काय झालं ते. मी उठले, कठड्यावर दोन्ही हात ठेवले, आणि माझ्या पोटातून यार्डातला वीस वर्षांचा न काढलेला आवाज एकदम बाहेर पडला. "ए चार नंबर! उभी काय राहिलीस? अजून संपलं नाही! लांबून टाक! तीन पाहिजेत, टाऽऽक!"

सगळं मैदान वर बघायला लागलं. समोरच्या मुली, पंच, सर, वडापाववाला. चार नंबरने एकदाच वर पाहिलं आणि सुटली. पण लांबून टाकायची सोडून ती आत घुसली! मी "अगं नको, नको" म्हणतेय तोवर तिने उडी मारली, चेंडू कडीवर फिरला, फिरला आणि आत पडला. लगेच शिट्टी. सामना संपला.

"किती?" विहीणबाईंनी विचारलं. दोरी अजून त्यांच्या हातात.

मी रेघा मोजल्या. परत मोजल्या. "सहा."

"एक," त्या म्हणाल्या. "एका गुणाने." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही चक्क तोंडी, विहीणबाई?"

"हो," मी म्हटलं, "तोंडी."

खाली मुली माना खाली घालून निघून गेल्या. सरांनी परडीकडे पाहिलंही नाही. विहीणबाईंनी वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली, गुण सरांकडून आल्यावर भरू म्हणाल्या, आणि कारणाच्या रकान्यावर पेन धरून बसून राहिल्या. शेवटी काही न लिहिताच वही मिटली आणि मुलाला फोन लावला. "उद्या टेम्पो आण." तिकडे जावई खूश होतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, "आई, किती फरकाने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवराआवरीला गेले. खोके बांधून झाले होते, निम्मे खालीही गेले होते. टेम्पो खाली उभा होता, जावई ताडपत्री सोडत होते. विहीणबाई गॅलरीच्या गजाला बांधलेली दोरीची गाठ सोडवत बसल्या होत्या. नऊ वर्षांची गाठ, ती काही सुटेना. तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी धापा टाकत आलं. सर! इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वर आले होते.

"मावशी, आत गेलो आपण! बाद फेरीत गेलो! फरकावर!"

"कसे जाल?" विहीणबाई गाठीवरचे हात न काढता म्हणाल्या. "सहाने हरलात."

"चारने, मावशी."

"सहाने."

"अहो, चारने! हा बघा पंचांचा कागद. ती शेवटची बास्केट पडली नसती तर सहाने गेलो असतो आणि घरी बसलो असतो. मला तर रात्रीच कळलं. चार नंबर म्हणते, वरून कुणी तरी ओरडलं म्हणून ती पळाली."

विहीणबाईंनी कागद बऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला. वाचला. मग सावकाश माझ्याकडे वळल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात डबे घेऊन उभी होते.

"विहीणबाई, माझे दोन गुण कुठे गेले?"

माझ्या हातातला डबा खाली ठेवायचंही मला सुचेना. मी म्हटलं, "देवाकडे."

"कुणाकडे?"

मग मला सांगावं लागलं. आमच्या आईची रीत. आपल्या घरचं काही मोजायला घेतलं की पहिलं देवाचं. पहिली भाकरी, पहिली मूठ, झाडाचं पहिलं लिंबू. ते मोजायचं नाही, हात जोडायचे आणि तिथून पुढे मोजायचं. यार्डातली पोती परक्याची, ती मी पहिल्यापासून मोजली. पण हे सामने आपलेच वाटायला लागले होते. "म्हणून पहिली बास्केट मी मोजत नव्हते," मी म्हटलं. "कुणाचीही असो, आपली नाहीतर त्यांची."

सर एकदा माझ्याकडे, एकदा विहीणबाईंकडे बघत होते. मला वाटलं, आता लेखी खुलासा मागणार. विहीणबाईंनी खोक्यातून वही उपसून काढली, मागचं पान काढलं, लाल पेन्सिलीतलं 'सात' आणि त्याच्या शेजारचं 'नऊ' बघितलं, आणि हसायला लागल्या. "म्हणजे सरांना मोजता येतं तर!" हसता हसता त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि मी धावले, ऑपरेशनचा डोळा, पाणी पुसायचं नसतं. त्यांनी मला बाजूला सारलं, कालच्या पराभवासमोर चार लिहिलं आणि कारणाच्या रिकाम्या रकान्यात टाकलं, 'देवाने दोन गुण ठेवून घेतले होते. सकाळी परत मिळाले.' मग गॅलरीतून वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने ओरडल्या, "अरे, टेम्पोवाल्यांना चहा दे आणि परत पाठव!" खाली जावयांनी कपाळाला हात लावला. पण मी पाहिलं, तोंडावर हसू होतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी खोके परत वर आणले, दोन दोन पायऱ्या चढत.

ते तीन आठवडे! मुली रोज पाच वाजता यायच्या, आधी वर बघून हात करायच्या, मग खेळायला लागायच्या. परडी दिवसातून चार वेळा वरखाली. आणि दुसऱ्या आठवड्यात विहीणबाईंचा नवा चष्मा आला. त्यांनी तो लावला, कठड्याशी गेल्या आणि वाकून एकेकीकडे बघत राहिल्या. मी नेहमीप्रमाणे "चार नंबर, सात नंबर" सुरू केलं तर त्यांनी हाताने थांबवलं. गेली दोन वर्षं त्यांना या मुली नुसत्या रंगीत ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. अखेर म्हणाल्या, "अहो विहीणबाई, या किती लहान आहेत हो! आणि मी यांना 'हेळसांड' लिहिलं?" त्या संध्याकाळी त्यांनी वहीतले ते सगळे शब्द एकेक करून खोडले. टेम्पो त्याच दिवशी गेला असता तर त्यांनी ती तोंडं कधी बघितलीच नसती.

बाद फेरीचा पहिलाच सामना आम्ही हरलो. दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर होता, आम्ही दोघी रिक्षाने गेलो होतो. चांगला वीस-बावीसच्या फरकाने हरलो, त्यात ना देवाचा हात होता ना माझा. मुली रडत आमच्याजवळ आल्या. विहीणबाईंनी प्रत्येकीच्या गालाला हात लावून बघितलं आणि वहीत लिहिलं, 'नैसर्गिक'. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा त्या तयार होत्या. शब्द लेखी दिलेला होता. ती गाठ शेवटपर्यंत सुटली नाही, म्हणून दोरी तिथेच राहिली. परडी तेवढी त्यांनी काढून माझ्या हातात दिली.

खराडीला अकराव्या मजल्यावर वारा छान येतो. खाली मैदानही आहे, तिथेही बास्केटची कडी आहे, पण वरून माणसं मोहरीएवढी दिसतात आणि चेंडूचा आवाज तिथवर पोचत नाही. विहीणबाई तक्रार करत नाहीत. फक्त पाच वाजले की घड्याळाकडे बघतात, असं लेक सांगते.

आता नवा मोसम सुरू झालाय. सामना असला की मी बस पकडून शनिवार पेठेत जाते, मैदानाच्या जाळीला लागून उभी राहते आणि फोन कानाला लावते. आजूबाजूला माणसं असतात, पण आता मला त्यांचं काही वाटत नाही. "चार नंबर, सात नंबर, गेली, पडली!" मी ओरडते आणि तिकडून त्या "पुढे, पुढे" करतात. परवा पहिला सामना होता. शिट्टी वाजायच्या आधी विहीणबाई म्हणाल्या, "पहिली बास्केट अजून देवालाच देता का हो?"

"मोजू का ती?" मी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं."

त्या म्हणाल्या, "नको, मोजू नका. देवाला गेल्या मोसमात पुष्कळ मिळालं. यंदापासून पहिली माझ्या नावाने ठेवा."

चेंडू वर गेला. पहिली बास्केट आमच्याच मुलीने टाकली. मी डोळे मिटले, फोन थोडा जाळीजवळ नेला, त्यांना धप, धप ऐकू यावं म्हणून, आणि मग पेन्सिल उचलली.